मोटरच्या माउंटची मांडणी आणि पोलर अलाइनमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी आकाशनिरीक्षक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माउंट म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा सांगाडा. त्याच्यासोबत येणाऱ्या बहुतेक माहितीपुस्तिका ४०-५० अक्षांशांवरच्या वाचकांसाठी लिहिलेल्या असतात. महाराष्ट्र आणि गोवा १५ ते २२ अंशांच्या पट्ट्यात येतात आणि निम्म्या अडचणी या फरकातूनच उभ्या राहतात. म्हणून उत्तरं आपल्या अक्षांशांना धरून दिली आहेत.

१. पोलर अलाइनमेंट म्हणजे नक्की काय? नाही केली तर काय बिघडतं?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतं. ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते, म्हणजे तासाला साधारण १५ अंश. विषुववृत्तीय माउंटला आरए (पूर्व-पश्चिम फिरवणारा) आणि डेक (उत्तर-दक्षिण फिरवणारा) असे दोन अक्ष असतात. त्यातला आरए अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखला की तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. मग एकच मोटर एकाच वेगाने फिरवून तारा नजरेत धरून ठेवता येतो. हा अक्ष जुळवणं म्हणजे पोलर अलाइनमेंट. ती केली नाही, तर मोटर चालू असूनही तारा हळूहळू कडेला सरकतो. किती हळू, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. माझं माउंट गो-टू (सांगितलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळणारं) आहे. तीन तारे दाखवून स्टार अलाइनमेंट केली की पोलर अलाइनमेंट आपोआप झाली ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्टार अलाइनमेंटमध्ये तुम्ही माउंटच्या संगणकाला आकाशाचा नकाशा समजावता. लोखंड जागचं हलत नाही. पोलर अलाइनमेंट ही माउंटच्या बुडाशी असलेले उंचीचे आणि आडवे बोल्ट पिळून होते. पहिलीमुळे दुर्बीण योग्य ठिकाणी वळते, दुसरीमुळे ती तिथे टिकून राहते.

क्रम लक्षात ठेवा: आधी पोलर, मग स्टार. उलट केलंत तर बोल्ट हलवल्याबरोबर संगणकातला नकाशा चुकतो आणि तारे पुन्हा दाखवावे लागतात. काही हँडसेटमध्ये (माउंट चालवायच्या रिमोटमध्ये) स्टार अलाइनमेंटनंतर एखाद्या ताऱ्याच्या आधारे पोलर सुधारायची सोय असते. ती चांगली आहे, पण तिच्यानंतरही स्टार अलाइनमेंट नव्याने करणं बरं.

३. माझी दुर्बीण फक्त वर-खाली आणि डावी-उजवी फिरते. मलाही हे करावं लागेल?

नाही. ते अल्ट-अझिमथ माउंट आहे, त्याला पोलर अलाइनमेंट लागत नाही. ग्रह आणि चंद्र बघायला उत्तम. दीर्घ एक्स्पोजरचे फोटो काढायला गेलात तर मात्र मधला तारा जागेवर राहतो आणि बाकीचं चित्र त्याच्याभोवती फिरतं.

४. माउंटचं खोकं आजच उघडलंय. सुरुवात कुठून करू?

घरात, दिवसाउजेडी. अंधारात गच्चीवर पहिल्यांदा जोडायला गेलात तर एखादा तरी स्क्रू हरवणार.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवा, मधली ताटली घट्ट करा. उंचीच्या पट्टीवर तुमचा अक्षांश लावा: पुणे साडेअठरा, मुंबई एकोणीस, नाशिक वीस, नागपूर एकवीस, कोल्हापूर पावणेसतरा, पणजी साडेपंधरा. पट्टी एखाद-दोन अंशांनी चुकलेली असू शकते, सध्या तेवढं चालेल. मग आधी काउंटरवेट (नळीचा तोल साधणारं वजन) चढवा आणि नंतर दुर्बिणीची नळी. उतरवताना आधी नळी, मग वजन. हा क्रम चुकला आणि क्लच (अक्ष जखडणारी कळ) सैल असला, तर जड बाजू गरकन खाली येते आणि ट्रायपॉडवर आपटते.

नंतर तोल. आरएचा क्लच सैल करून वजनाचा दांडा आडवा धरा आणि हात हळूच सोडा. ज्या बाजूला झुकेल त्यानुसार वजन सरकवा. मग डेकसाठी नळी पुढेमागे करा. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), कॅमेरा, फाइंडर (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण), दवरोधक पट्टा असं जे काही रात्री लावणार ते सगळं चढवूनच तोल बघायचा. फोटो काढणारे बरेच जण आरएमध्ये पूर्वेची बाजू किंचित जड ठेवतात, म्हणजे गिअरचे दाते एकाच बाजूने चिकटून राहतात.

५. ट्रायपॉड काटेकोर लेव्हल असायलाच हवा का?

तत्त्वतः नाही. आरए अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असला की खालचे पाय कसेही असले तरी ट्रॅकिंगला फरक पडत नाही. पण ट्रायपॉड कललेला असेल तर आडवा बोल्ट फिरवताना उंचीही बदलते आणि उंची सुधारताना दिशा बिघडते. मग एकामागून एक फेऱ्या मारत बसावं लागतं. बुडबुडा वर्तुळात आला की पुढे जा. सर्वेक्षणाची लेव्हल आणायची गरज नाही.

६. उत्तर कशी शोधू? फोनचं होकायंत्र चालेल का?

अंदाजाला चालेल. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे, त्यामुळे आपण नशीबवान. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्यांना हाच फरक बारा-चौदा अंशांचा पडतो, तिथे दुरुस्ती केल्याशिवाय होकायंत्र वापरू नये. फोन मात्र माउंटला टेकवून धरू नका. लोखंड, मोटर आणि गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया त्याला भरकटवतात. चार-पाच पावलं मागे उभं राहून दिशा घ्या.

दिवसा सावलीचा मार्ग जास्त भरवशाचा. सूर्य याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो त्या क्षणी उभ्या काठीची सावली उत्तर-दक्षिण रेषेत पडते. हा क्षण घड्याळातला बारा नव्हे. मुंबईत तो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी येतो; नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या सुमाराला आणि फेब्रुवारीच्या मध्याआधी १२:५३ च्या. पुण्यात चार मिनिटं आधी. उन्हाळ्यात मात्र जपून: मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेव्हापासून जुलै-ऑगस्टपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. शून्य सावलीच्या आसपास ती इतकी तोकडी असते की रेषा आखण्यात अर्थ नाही.

रात्री सप्तर्षीतले पुलह आणि क्रतू जोडून रेषा पुढे वाढवली की ध्रुवतारा सापडतो. पावसाळा संपल्यावर संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाचा आधार घ्या.

७. काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला अडतं. माउंट सदोष आहे का?

सदोष नाही, आपला अक्षांश कमी आहे. लंडनमध्ये आरए अक्ष जमिनीशी एक्कावन्न अंशांचा कोन करतो, त्यामुळे तिथे वजनाचा दांडा पायांपासून चांगला लांब, उत्तरेकडे झुकलेला असतो. पुण्यात हा कोन साडेअठरा. दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि फिरताना नेमका उत्तरेच्या पायाला भेटतो.

उपाय तीन. ट्रायपॉड असा फिरवा की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली फट येईल. त्यासाठी वरची खुंटी दुसऱ्या जागी बसवता येते का ते पाहा; काही माउंटला तशी भोकं दिलेली असतात. दुसरा उपाय म्हणजे माउंट आणि ट्रायपॉडच्या मध्ये बसणारा उंचीचा तुकडा, पियर एक्स्टेन्शन. मला हा सगळ्यात पसंत, कारण नळीही पायांपासून सुटते. तिसरा म्हणजे एक वजन टोकाला ठेवण्याऐवजी दोन वजनं वरच्या बाजूला ठेवून दांडा आखूड करणं.

एक इशारा. कमी अक्षांशावर नळी आणि वजन मिळून सगळा भार ट्रायपॉडच्या केंद्रापासून उत्तरेकडे जातो. त्या बाजूला फट ठेवलीत तर पाय पूर्ण फाकवलेले हवेतच, आणि दगडी, उताराच्या जागेवर जास्त सांभाळा. उंची कमी करताना भार हाताने उचलून धरा, एक बोल्ट सैल केल्याशिवाय दुसरा पिळू नका, बोल्ट वाकतात. आणि नवीन माउंट घेताना ते किमान किती अक्षांशापर्यंत खाली येतं हे पाहून घ्या. गोव्यातल्या खरेदीदाराने तर नक्कीच.

८. ध्रुवतारा पोलर स्कोपच्या (आरए अक्षातून ध्रुवाकडे बघायच्या छोट्या दुर्बिणीच्या) बरोबर मधोमध आणला. तरी तारा सरकतो. का?

कारण ध्रुवतारा ध्रुवावर नाही. तो सध्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला दूर आहे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही जास्त. दिवसभरात तो ध्रुवाभोवती छोटं वर्तुळ काढतो. पोलर स्कोपमधलं वर्तुळ त्यासाठीच आहे: ध्रुवतारा केंद्रात न ठेवता त्या क्षणी वर्तुळावर जिथे असायला हवा तिथे ठेवायचा. ही जागा हँडसेट किंवा फोनवरचं ॲप घड्याळाच्या काट्यासारखी सांगतं.

ॲपशिवाय पडताळायचं असेल तर कोचाब शोधा, ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाचा तांबूस ठळक तारा. खरा ध्रुव ध्रुवताऱ्यापासून कोचाबच्या दिशेला असतो. पोलर स्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं, म्हणून त्यात ध्रुवतारा केंद्रापासून कोचाबच्याच बाजूला दिसायला हवा. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी आपल्याकडे कोचाब क्षितिजालगतच्या धुरकटीत बुडालेला असतो. तेव्हा ध्रुवतारा ध्रुवाच्या वर असतो आणि पोलर स्कोपमध्ये खालच्या बाजूला दिसायला हवा.

आणखी एक. पुष्कळ माउंटमध्ये डेक अक्ष ९० अंश फिरवल्याशिवाय पोलर स्कोपची वाट मोकळी होत नाही. आत काळोख दिसला तर आधी टोपण, मग हे तपासा. आपल्या अक्षांशावर पोलर स्कोपचा आयपीस इतका खाली येतो की गुडघे टेकूनच बघावं लागतं. सतरंजीची घडी किंवा काटकोनी आयपीस सोबत ठेवा.

९. पोलर स्कोपच्या बुडाशी तारीख-वेळेची कडी आहेत. ती लावूनही ॲपशी जुळत नाहीत. खरं कोणाचं?

बहुधा ॲपचं. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, जो मिर्झापूरजवळून जातो. मुंबई त्याच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांपेक्षा थोडी जास्त, म्हणजे तिथली खरी स्थानिक वेळ घड्याळापेक्षा ३८ मिनिटांनी मागे. कड्यांना हे माहीत नसतं. बाजूला पूर्व-पश्चिम अशी छोटी पट्टी असते, ती मुंबईसाठी पश्चिमेला साडेनऊच्या थोडी पुढे, पुण्यासाठी साडेआठच्या थोडी पुढे आणि नागपूरसाठी साडेतीनच्या जवळ लावा. न लावल्यास मुंबईत सुमारे सहा कलांची चूक घरबसल्या पदरात पडते. परदेशात उन्हाळी वेळ चालू असेल तर एक तास वजा करायलाही विसरू नका.

१०. हँडसेटमध्ये काय भरायचं? माझी दुर्बीण भलतीकडेच वळते.

तारीख पाहा. अनेक हँडसेट आधी महिना, मग दिवस मागतात. ५ एप्रिल लिहिताना ४ मे भरली जाते. टाइम झोन +५:३०, डेलाइट सेव्हिंग ‘नाही’. हँडसेट अर्धा तास घेतच नसेल तर झोन शून्य ठेवा आणि घड्याळाच्या वेळेतून साडेपाच तास वजा करून भरा (पहाटे साडेपाचच्या आत तारीखही आदल्या दिवसाची होईल).

अक्षांश-रेखांश अंश आणि कलांमध्ये हवे असतात, आणि फोन दशांशात देतो. पुण्याचे १८.५२ म्हणजे १८ अंश ३१ कला. ‘१८ अंश ५२’ असं टाइप केलंत तर तुम्ही माउंटला जवळजवळ चाळीस किलोमीटर उत्तरेला नेऊन बसवलंत. सगळं बरोबर असूनही दुर्बीण भलतीकडे वळत असेल, तर ती चालू करताना घरच्या स्थितीत, म्हणजे वजन खाली आणि नळी ध्रुवाकडे, होती का ते आठवा. तेही ठीक असेल तर प्रश्न १६ पाहा.

११. अलाइनमेंट किती अचूक हवी?

तुम्ही काय करणार त्यावर. एका कलेच्या चुकीमुळे तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला सरकतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). बाकी सगळा गुणाकार.

नुसतं बघायचं असेल तर पूर्ण एक अंशाची चूकही चालते. तारा मिनिटाला सोळा विकला सरकेल, दहा मिनिटांत अडीच-पावणेतीन कला. गुरू आयपीसमध्येच राहील. गच्चीवर पाहुण्यांना शनीची कडी दाखवायला तासभर पोलर अलाइनमेंट करत बसणाऱ्यांनी पाहुण्यांचा विचार करावा.

फोटोसाठी हिशेब करा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले २०६ भागिले दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) मिलिमीटरमध्ये, म्हणजे एक पिक्सेल किती विकलांचा ते कळतं. ३.७६ मायक्रॉन आणि ४०० मिमीला उत्तर येतं १.९. पाच कलांची चूक आणि तीन मिनिटांचं एक्स्पोजर असेल तर तारा चार विकला, म्हणजे दोन पिक्सेल ताणला जाईल, आणि ते दिसेल. चूक दोन कलांवर आणलीत की सरकणं एका पिक्सेलच्या आत येतं. माझ्या मते बहुतेकांनी इथे थांबावं. सॉफ्टवेअरवर दहा-पंधरा विकलांचे आकडे गाठायची स्पर्धा चालते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९-२० अंशांवर असतो आणि हवेतल्या अपवर्तनाने (प्रकाश वाकल्याने) तो पावणेतीन कला वर उचललेला दिसतो. त्यापुढे त्या दहा विकलांना काय अर्थ?

१२. बाल्कनी दक्षिणेला आहे, ध्रुवतारा दिसतच नाही. मग?

दिशा होकायंत्राने आणि अक्षांश पट्टीने (प्रश्न ६ आणि ४) लावा. बघण्यापुरतं एवढ्यावर भागतं. फोटोसाठी पुढे ड्रिफ्ट पद्धत (प्रश्न १३) किंवा कॅमेरा आणि सॉफ्टवेअर (प्रश्न १४). बाल्कनीच्या ग्रिलमुळे होकायंत्र चुकतं, तेव्हा इमारतीची दिशा फोनवरच्या उपग्रह नकाशात बघून फरशीच्या रेषेवरून उत्तर काढलेली बरी.

मुंबईत उत्तर मोकळी असूनही धुरक्यात ध्रुवतारा हरवतो. फाइंडरमधून शोधा, आसपास तेवढा ठळक दुसरा तारा नाही.

१३. ड्रिफ्ट पद्धत सोप्या भाषेत सांगाल का?

तारा कुठे सरकतो ते पाहून अक्ष कुठे चुकला ते ओळखायचं. सर्वांत जुनी पद्धत, आणि ध्रुवतारा न बघता अचूक जमणारी.

आधी आयपीसमध्ये उत्तर-दक्षिण ओळखा. नळी किंचित ध्रुवाकडे ढकला. तारा ज्या कडेला सरकेल ती दक्षिण. रेषांचा आयपीस असेल तर उत्तम, नसेल तर तारा थोडा धूसर करून मध्यभागाचा अंदाज घ्या.

पहिला तारा याम्योत्तराजवळ, खगोलीय विषुववृत्तालगत (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेलगत) घ्या; मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे डोक्यावरून जात असताना यासाठी झकास. ट्रॅकिंग चालू ठेवा आणि फक्त उत्तर-दक्षिण सरकणं बघा, पूर्व-पश्चिम विसरा. तारा दक्षिणेला गेला तर अक्ष पूर्वेकडे जास्त वळलाय. उत्तरेला गेला तर पश्चिमेकडे. आडवा बोल्ट थोडा फिरवा, तारा पुन्हा मध्यात आणा, पुन्हा बघा.

दुसरा तारा पूर्वेला, क्षितिजापासून वीस-तीस अंश वर. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला तर वर. पूर्व बंद असेल तर पश्चिमेचा घ्या आणि अर्थ उलटा लावा. मग पहिल्या ताऱ्याकडे परत या. पाच मिनिटं तारा हलला नाही की झालं.

१४. कॅमेरा आणि लॅपटॉप आहे. कोणतं सॉफ्टवेअर?

शार्पकॅपमधली सोय जलद आहे, पण तिला परवाना विकत घ्यावा लागतो आणि ध्रुवाच्या आसपासचं आकाश दिसावं लागतं. निना (एन. आय. एन. ए.) मोफत आहे; त्याचं तीन बिंदूंचं प्लगइन आकाशाच्या कोणत्याही भागात चालतं, म्हणून बाल्कनीवाल्यांनी हेच घ्यावं. दोन्ही फोटोंतले तारे ओळखून अक्ष कुठे रोखलाय ते काढतात आणि बोल्ट फिरवताना आकडा कमी होताना दिसतो. अपवर्तनाच्या दुरुस्तीचा पर्याय असेल तर चालू ठेवा. कारण प्रश्न ११ मध्ये. शेवटी बोल्ट आवळताना आकडा हमखास हलतो, म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने, थोड्या थोड्या आवळा.

१५. गाइडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत दुरुस्त करणं) करतोच आहे. मग पोलर अलाइनमेंटची डोकेदुखी कशाला?

गाइडिंग फक्त गाइडचा तारा जागेवर धरून ठेवतं. अक्ष चुकलेला असेल तर बाकीचं चित्र त्या ताऱ्याभोवती फिरत राहतं आणि लांबच्या कोपऱ्यातले तारे कमानीसारखे येतात. शिवाय डेकच्या मोटरला सतत एकाच बाजूला ढकलावं लागतं. पाच कलांच्या आत आलात की गाइडिंगला बाकीचं जमतं.

१६. तारे लांबट येतात. चूक पोलर अलाइनमेंटचीच आहे का?

दरवेळी नाही. ताणलेल्या ताऱ्याची दिशा बघा. उत्तर-दक्षिण, आणि प्रत्येक फोटोत सारखीच वाढत जाणारी असेल तर अलाइनमेंट. पूर्व-पश्चिम आणि कधी जास्त, कधी कमी असेल तर वर्म गिअरची (मोटरची गती अक्षाला देणाऱ्या दात्यांच्या जोडीची) आवर्ती चूक. १८० दात्यांच्या माउंटला ती दर आठ मिनिटांनी, १४४ दात्यांच्याला सुमारे दहा मिनिटांनी परत येते. अलाइनमेंट कितीही सुधारा, ती जाणार नाही. एक्स्पोजर कमी करा किंवा गाइडिंग लावा. हार्मोनिक गिअरच्या माउंटला ही चूक मोठीच असते, तिथे गाइडिंगशिवाय गत्यंतर नाही. एखादाच फोटो वेडावाकडा आला तर वारा, लोंबणारी केबल किंवा गच्चीवर कोणीतरी चाललं.

आणि बॅटरी. व्होल्टेज पडलं की मोटर मध्येच गडबडते, गो-टू चुकतं आणि दोष अलाइनमेंटला लागतो. माउंट दोन अँपिअर घेत असेल तर आठ तासांना सोळा अँपिअर-तास लागतात. यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची बॅटरी त्यात कुठेच बसत नाही.

१७. मेरिडियन फ्लिपनंतर पुन्हा पोलर अलाइन करायचं का?

नाही. लक्ष्य याम्योत्तर ओलांडताना होणाऱ्या या फ्लिपमध्ये नळी अक्षाच्या दुसऱ्या बाजूला जाते, अक्ष तिथेच असतो. फ्लिपनंतर लक्ष्य सरकलेलं दिसलं तर नळी अक्षाला नेमकी काटकोनात बसलेली नसते. स्टार अलाइनमेंटमध्ये याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंचे तारे घेतले की ते सावरतं. मात्र ट्रायपॉडला पाय लागला असेल तर पुन्हा तपासा.

१८. दिवसा सूर्य किंवा ग्रहण ट्रॅक करायचं असेल तर?

फिल्टर नळीच्या पुढच्या टोकाला पक्का बसवा, फाइंडर काढून ठेवा. ट्रायपॉड लेव्हल करा, अक्षांश लावा, दिशा होकायंत्राने. मग घरच्या स्थितीतून गो-टूने सूर्याकडे वळा आणि तो मध्यात आणताना हँडसेटची बटणं न वापरता आडवा बोल्ट फिरवा, लागलं तर किंचित उंचीचा. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणासाठी इजिप्तमधल्या लक्सरला जाणाऱ्यांनी तिथला अक्षांश पावणेसव्वीस आहे हे ध्यानात ठेवावं. इकडचा अक्षांश लावूनच माउंट बॅगेत भरलं तर तिथे सूर्य निसटत राहील.

१९. मी मेलबर्नला असतो. तिथे ध्रुवतारा नाही!

दक्षिण ध्रुवाजवळ सिग्मा ऑक्टँटिस आहे, पण तो साडेपाचव्या प्रतीचा, म्हणजे फार मंद. शहरातून डोळ्यांना दिसत नाही. माउंट दक्षिणेकडे रोखा, हँडसेटमध्ये दक्षिण गोलार्ध निवडा नाहीतर मोटर उलटी फिरेल, आणि थेट प्रश्न १४ कडे जा.

२०. दर वेळी एवढं सगळं करायचं?

गच्चीवर पायांच्या जागी फरशीवर रंगाच्या खुणा करा आणि पायांची लांबी टेपने नोंदवून ठेवा. पुढच्या वेळी अर्ध्या अंशाच्या आत सुरुवात होते. माउंट मात्र पावसाळ्यात बाहेर ठेवू नका, प्लास्टिकखाली झाकूनही नाही; आतली दमट हवा बेअरिंगला गंज चढवते. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पिशव्यांसह पेटीत, आणि महिन्यातून एकदा दोन्ही मोटर पाच मिनिटं फिरवून घ्या.